कॅलिफोर्नियाची वाईन, नागपूरची फळी: दोन हजारांच्या बाटलीत वाईन किती?

नागपुरात 'वाईन शॉप' अशी पाटी लावलेल्या दुकानात वाईन शोधावी लागते. सदर असो, धरमपेठ असो की वर्धा रोड, समोरच्या फळ्यांवर व्हिस्की आणि रम, फ्रीजमध्ये बिअर, आणि वाईन कुठे, तर काउंटरमागच्या सगळ्यात वरच्या फळीवर, ट्यूबलाइटला खेटून. तिथे नाशिकच्या बाटल्यांच्या रांगेत चार-सहा बाटल्या कॅलिफोर्नियाच्या असतात. हे परीक्षण त्या चार-सहा बाटल्यांचं आहे.

गुण आधी देऊन टाकू. मालाला पाचपैकी साडेतीन. पैशाच्या मोबदल्याला दोन हजारांच्या बाटलीत दीड, चार हजारांच्या बाटलीत तीन. नागपुरातल्या साठवणीला पाचपैकी एक, हिवाळ्यात फार तर दोन. या तीन आकड्यांमधली तफावत वाईन बनवणाऱ्यापेक्षा कर, वाहतूक आणि मे महिन्यामुळे जास्त आहे.

साधी, लेबलवर फक्त 'कॅलिफोर्निया' लिहिलेली बाटली घेऊ. तिची द्राक्षं बहुतेक वेळा नापाची, म्हणजे कॅलिफोर्नियातल्या सगळ्यात नावाजलेल्या वाईनखोऱ्यातली, नसतात. फ्रेस्नो-मडेरा भागातल्या सेंट्रल व्हॅलीच्या सपाट, गरम, पाटपाण्याच्या जमिनीतली असतात. कॅलिफोर्नियाच्या एकूण वाईनमध्ये नापाचा वाटा ४ टक्क्यांच्या आसपास. सेंट्रल व्हॅलीत टनाला तीन-चारशे डॉलर मिळतात, तिथे नापाच्या कॅबर्ने या लाल वाईनच्या द्राक्षाला ९,००० डॉलरच्या आसपास. एक टन द्राक्षातून साधारण ६० पेट्या, म्हणजे ७२० बाटल्या निघतात. टनाला ४०० डॉलर धरले तर बाटलीमागे द्राक्षं ५५ सेंटची. डॉलर ८८ रुपये धरला तर झाले ४९ रुपये.

आता त्यावर चढत जाणारे थर मोजू. काच, बूच, लेबल, खोका मिळून सव्वा डॉलर. टाकी, गाळणी, बॉटलिंग, पगार, नफा धरून वाईनरीच्या दारात साडेतीन डॉलर. शीत कंटेनरचं भाडं आणि विमा अर्धा डॉलर. न्हावा शेवाला पोचेपर्यंत चार डॉलर, म्हणजे ३५२ रुपये. इथे केंद्राचं शुल्क लागतं: ५० टक्के सीमाशुल्क आणि १०० टक्के कृषी पायाभूत सुविधा अधिभार, मिळून १५० टक्के. २०२१ च्या अर्थसंकल्पात याची फोड बदलली, बेरीज तीच राहिली. ३५२ चे झाले ८८०. पुढे बाँडेड (सरकारी देखरेखीखालचं) गोदाम, राज्याची शुल्कं, लेबल नोंदणी, व्हॅट, आयातदार, ठोक विक्रेता आणि शेवटी दुकानदार. दारूला जीएसटी लागत नाही, त्यामुळे वाहतूक, गोदाम यांवर भरलेल्या जीएसटीची वजावट मिळत नाही आणि तो किमतीत मुरतो. नागपूरच्या फळीवर किंमत दोन हजारांच्या आसपास येते. दोन हजारांत द्राक्षं ४९ रुपयांची, म्हणजे अडीच टक्के.

हाच हिशेब चार हजारांच्या बाटलीला लावून बघा. वाईनरीच्या दारात ८ डॉलर, वाहतूक तीच अर्धा डॉलर, मिळून ७४८ रुपये. शुल्कासह १,८७०. फळीवर ४,२०० च्या आसपास. द्राक्षं मात्र आता सेंट्रल व्हॅलीची राहत नाहीत. पासो रोबल्ससारख्या भागातली, टनाला दीड हजार डॉलरची धरली तर बाटलीमागे १८३ रुपयांची. म्हणजे गिऱ्हाइकाने दुपटीहून थोडे जास्त पैसे मोजले आणि द्राक्षांवरचा खर्च पावणेचारपट झाला. काच, जहाज आणि कागदपत्रं स्वस्त बाटलीलाही तेवढीच लागतात. त्यामुळे स्वस्त बाटलीत आपण मुख्यतः काच आणि कागद विकत घेतो. दोन हजारांच्या बाटलीला दीड गुण मिळाला तो यासाठी.

याच तर्काने नापा नागपुरात का दिसत नाही तेही कळतं. अमेरिकेतल्या धंद्यात एक ढोबळ सूत्र आहे: टनाच्या भावाला शंभराने भागा, ती बाटलीची दुकानातली किंमत. ९,००० डॉलर टनाचं कॅबर्ने तिथे ९० डॉलरला विकावं लागतं. तिथल्या दुकानातली किंमत साधारण वाईनरीच्या भावाच्या दुप्पट असते, तेव्हा ही बाटली दारात ४५ डॉलरची. शुल्क भरून झाली जवळपास दहा हजारांची, आणि फळीवर येईपर्यंत अठरा-वीस हजार. एवढी गुंतवणूक ट्यूबलाइटखाली मांडून ठेवणारा दुकानदार सदरमध्ये तरी सापडायचा नाही.

ती 'दुप्पट' कुठून येते, तेही जाणून घेण्यासारखं आहे, कारण आपल्याकडची व्यवस्था तिच्याच वळणाची आहे. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती. ५ डिसेंबर १९३३ ला ती उठली तेव्हा राज्यांनी तीन पायऱ्या आखल्या: बनवणारा, ठोक वितरक आणि किरकोळ विक्रेता. एकाने दुसऱ्याच्या पायरीवर चढायचं नाही, हा मूळ नियम. प्रत्येक राज्याने त्यात आपापल्या पळवाटा ठेवल्या. आपल्याकडे ठोक विक्रीचं एफएल-१, दुकानाचं एफएल-२ आणि परमिट रूमचं एफएल-३. शिडी तीच, पाट्या वेगळ्या. तिकडे वाईनऱ्या अकरा हजारांच्या वर आणि मोठे वितरक बोटांवर मोजण्याइतके, त्यामुळे छोट्या वाईनरीच्या मालाला वितरकाच्या गाडीत जागाच मिळत नाही. २०२५ मध्ये देशातल्या सर्वांत मोठ्या वितरकांपैकी एक असलेल्या आरएनडीसीने कॅलिफोर्नियातून काढता पाय घेतला आणि कित्येक वाईनऱ्यांना रातोरात नवा वितरक शोधावा लागला. छोट्यांचा आधार म्हणजे थेट गिऱ्हाइकाला विक्री. २००५ च्या ग्रॅनहोम खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना बजावलं की स्वतःच्या वाईनरीला थेट पार्सल पाठवू देता आणि परराज्यातल्या वाईनरीला अडवता, असा दुजाभाव चालणार नाही. तेव्हापासून तो रस्ता बराच मोकळा झाला.

नागपूरपर्यंत पोचतो तो माल मात्र या छोट्यांचा नसतो. कंटेनर भरायचा तर हजारभर पेट्या लागतात, आणि तेवढ्या मोठी घराणीच देऊ शकतात. गॅलो हे त्यातलं सगळ्यात मोठं. मोडेस्टो गावात अर्नेस्ट आणि ज्युलिओ या भावांनी दारूबंदी उठली त्याच वर्षी, १९३३ मध्ये सुरू केलेलं. बेअरफूट त्यांनी २००५ मध्ये विकत घेतला. अपॉथिक आणि कार्लो रॉसी हेही त्यांचेच. दुसरं उदाहरण वुडब्रिजचं. रॉबर्ट माँडावी यांनी रोजच्या जेवणासाठी काढलेली ही वाईन. २००४ मध्ये कॉन्स्टलेशन कंपनीने माँडावींचा सगळा कारभारच एक अब्जाहून जास्त डॉलर मोजून घेतला, आणि २०२५ मध्ये वुडब्रिज, मेओमी वगैरे स्वस्त-मध्यम नावं द वाईन ग्रुपला विकून टाकली. महाग माल स्वतःकडे ठेवला. बाटलीवरचं नाव तेच राहिलं, मालक तिसरा आला. तेव्हा फळीवरच्या सहा वेगवेगळ्या नावांकडे बघून 'केवढी निवड आहे' असं वाटलं तरी मागे दोन-तीनच घरं असण्याची शक्यता मोठी.

चवीकडे येऊ. दोन हजारांचं कॅलिफोर्निया कॅबर्ने नाकाला व्हॅनिला देतं, जिभेला जांभळाच्या मुरंब्यासारखं लागतं आणि घोट संपताना गोडसर होतं. वाईट नाही. पण कॅबर्नेचा तुरटपणा, हिरव्या मिरचीच्या देठासारखा तो वास, हाडापेराचा बांधा, यातलं फार थोडं असतं. याचं कारणही हिशेबातच आहे. फ्रेंच ओकचं नवं पिंप हजार डॉलरच्या वर जातं आणि त्यात ३०० बाटल्या बसतात. म्हणजे एका वापरात बाटलीमागे तीन-साडेतीन डॉलर. साडेतीन डॉलरच्या वाईनला हे परवडणं शक्यच नाही. म्हणून पोलादी टाकीत ओकच्या चिपा किंवा पट्ट्या सोडतात, काही सेंटांत काम होतं. व्हॅनिला तिथून येतो. रंग कमी पडला तर रुबीरेड द्राक्षाचा घट्ट अर्क, ज्याला धंद्यात मेगा पर्पल म्हणतात, थोडासा घातला की रंग भरतो आणि गोडीही चढते. कॅलिफोर्नियात वाईनमध्ये उसाची साखर घालायला मनाई आहे, द्राक्षाचा आटवलेला रस चालतो. लोकप्रिय लाल मिश्रणांत लिटरमागे १० ग्रॅमच्या वर साखर सहज असते आणि लेबलवर तिचा उल्लेख नसतो. यात बेकायदा काहीच नाही. फक्त 'ड्राय', म्हणजे बिनगोडीची वाईन समजून विकत घेणाऱ्याने हे माहीत असू द्यावं.

लेबल नीट वाचलं तर अर्धी फसगत टळते. 'कॅलिफोर्निया' लिहिलं असेल तर राज्याच्या कायद्याने द्राक्षं १०० टक्के तिथलीच लागतात. 'कॅबर्ने' लिहायला मात्र ७५ टक्के कॅबर्ने पुरे, उरलेला पाव हिस्सा दुसरं काहीही. पिनो न्वार ही मुळात फिकट रंगाची लाल वाईन, स्वस्तातली मात्र संशय यावा इतकी काळी दिसते ती या पाव हिश्शामुळे. 'लोदाय', 'पासो रोबल्स', 'नापा व्हॅली' असं विशिष्ट क्षेत्राचं नाव असेल तर ८५ टक्के द्राक्षं त्या क्षेत्रातली हवीत, आणि साल छापलं असेल तर ९५ टक्के त्या सालातली. नुसतं राज्याचं नाव असेल तर सालाची अट ८५ टक्क्यांवर येते. 'रिझर्व्ह' या शब्दाला अमेरिकेच्या कायद्यात काही अर्थ नाही. 'ओल्ड व्हाइन'लाही नाही. मागच्या बारीक अक्षरांत 'प्रोड्यूस्ड अँड बॉटल्ड बाय' असेल तर किमान ७५ टक्के वाईन त्याच घरात आंबवलेली आहे. 'सेलर्ड' किंवा 'व्हिंटेड' असेल तर ती बाहेरून टँकरने आलेली असू शकते. अल्कोहोलचा आकडाही ढोबळ असतो: १४ टक्क्यांपर्यंतच्या वाईनला दीड टक्का इकडेतिकडे चालतो, वरच्या वाईनला एक टक्का. दुकानात उभं राहून एकच गोष्ट बघायची असेल तर क्षेत्राचं नाव बघा. नुसतं 'कॅलिफोर्निया' आणि 'लोदाय' या दोन शब्दांमध्ये किमतीचा फरक पाच-सातशेचा असेल तर तो द्यावा.

सध्या तिकडे द्राक्षांचा महापूर आहे, तर भाव इथे का उतरत नाहीत, असा प्रश्न कोणालाही पडेल. काटोल-नरखेडच्या संत्रा बागायतदाराला त्या पुराचं कारण समजावून सांगायला नको. वेल लावली की पहिलं पीक तिसऱ्या वर्षी, आणि मग पंचवीस-तीस वर्षं ती उभी. मागणी चढती होती तेव्हा लावलेल्या बागा मागणी उतरल्यावर फळाला आल्या. वाईन पिणारी पिढी म्हातारी झाली, तरुण कमी पितात किंवा दुसरं काही पितात. २०२४ मध्ये कॅलिफोर्नियाचा गळीत जेमतेम २८-२९ लाख टन झाला, त्याआधीच्या वीस वर्षांतला सगळ्यात कमी. त्यात पिकाइतकाच खरेदीदार न मिळाल्याचाही हात होता. कित्येक ठिकाणी द्राक्षं वेलीवरच राहिली, हजारो एकर बागा उपटल्या गेल्या. मार्च २०२५ मध्ये व्यापारी भांडणात कॅनडाच्या बहुतेक प्रांतांनी सरकारी दुकानांतून अमेरिकी दारू काढली आणि सगळ्यात मोठं परदेशी गिऱ्हाईक गेलं. बांगलादेशाने आयात शुल्क वाढवल्यावर वरुड-मोर्शीच्या संत्र्याचं काय झालं, ते आठवा.

अशा वेळी ठोक वाईन, म्हणजे बाटलीत न भरता टँकरने विकली जाणारी, मातीमोल होते. २००२ मध्ये अशाच पुरातून चार्ल्स शॉ नावाची १.९९ डॉलरची बाटली जन्मली होती. नागपूरच्या किमतीवर मात्र परिणाम जवळजवळ शून्य. ठोक वाईन बाटलीमागे पाव डॉलरने उतरली तर शुल्कासह इथे ५५ रुपये वाचतात, आणि ते आयातदाराच्या गोदामभाड्यातच जिरतात. रुपया घसरला की तेवढंही उरत नाही. फायदा होतो तो दर्जाच्या बाजूने: चांगल्या भागातली न विकलेली वाईन खाली उतरून नुसत्या 'कॅलिफोर्निया' लेबलात मिसळते. त्यामुळे अलीकडच्या सालांची साधी बाटली तिच्या किमतीपेक्षा बरी निघू शकते. हमी अर्थात कोणी देत नाही.

स्पर्धेचं म्हणाल तर कॅलिफोर्नियाची खरी अडचण ऑस्ट्रेलिया आहे. भारत-ऑस्ट्रेलिया करार २९ डिसेंबर २०२२ ला लागू झाला. त्यात ५ डॉलरच्या वरच्या बाटलीचं शुल्क १५० वरून १०० टक्क्यांवर आलं, १० वर्षांत ते ५० होणार. १५ डॉलरच्या वरच्या बाटलीचं थेट ७५ वर आलं आणि २५ पर्यंत उतरणार. ६ डॉलरची बाटली घ्या: १५० टक्क्यांनी ती १५ डॉलरची होते, १०० टक्क्यांनी १२ ची. वर दुकानापर्यंतचे थर चढले की हा फरक पाच-सहाशे रुपयांचा होतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या बर्बन व्हिस्कीचं शुल्क १५० वरून १०० टक्क्यांवर आणलं, त्या निर्णयात वाईन नव्हती. इथला सगळा हिशेब १५० टक्क्यांचा आहे. दर हलला की पहिल्या ओळीपासून नव्याने मांडावा.

आणि नाशिक. तिथल्या वाईनला सीमाशुल्काचा प्रश्न नाही, आणि २००१ च्या धोरणापासून राज्याने तिला उत्पादन शुल्कात सवलत दिलेली आहे. द्राक्षं किलोला ५० रुपये धरली तर बाटलीला १.४ किलोप्रमाणे ७० रुपये. ९०० रुपयांच्या बाटलीत ७० रुपयांची द्राक्षं, म्हणजे जवळपास ८ टक्के. दोन हजारांच्या कॅलिफोर्नियात ४९ ची. हे समोर ठेवलं की स्वस्त कॅलिफोर्निया कॅबर्ने विकत घ्यायला कारण उरत नाही. तसं पाहिलं तर नाशिकही कॅलिफोर्नियाचंच शिष्य: सुला वाईनरीचे राजीव सामंत स्टॅनफर्डहून परतले आणि त्यांनी वाईनतज्ज्ञ केरी डॅमस्की यांना कॅलिफोर्नियातूनच आणलं.

मग कॅलिफोर्नियाचं घ्यायचं काय? झिनफँडेल. हे द्राक्ष मूळचं क्रोएशियाचं, तिथल्या एका जुन्या वेलीशी त्याचा डीएनए जुळल्याचं २००१ मध्ये सिद्ध झालं. पण त्याला घडवलं कॅलिफोर्नियाने. लोदायच्या वाळूमिश्रित जमिनीत शंभर वर्षं जुन्या वेली अजून उभ्या आहेत. एकाच घडात काही मणी मनुक्यासारखे सुकलेले आणि काही कच्चे असतात. कच्चे पिकायची वाट बघेपर्यंत सुकलेल्यांत साखर चढते, म्हणून अल्कोहोल १४.५ ते १५.५ टक्के. काळी मिरी, सुकं अंजीर, थोडी भाजलेली चव. नाशिकचं झिनफँडेल हलकं आणि फळकट असतं, त्याला ही खोली नाही. चार हजारांच्या आत एकच अमेरिकी बाटली घ्यायची तर लोदायचं झिनफँडेल, आणि तीन गुण मुख्यतः तिचे आहेत. पासो रोबल्सचं कॅबर्ने दुसऱ्या नंबरवर. शार्डने ही पांढरी वाईन चांगली असते, लोण्यासारखा वास आणि भरीव अंग, पण नागपूरच्या उन्हात ती सगळ्यात आधी मरते. स्वस्त पिनो न्वारवर पैसे घालूच नका.

आता नागपूरची बाजू. वाईनला १२ ते १४ अंश लागतात. ३० च्या वर काही आठवडे राहिली की ती म्हातारी होते, ४० च्या वर काही दिवसांत शिजते. आयातदार शीत कंटेनर आणतो, मुंबईजवळच्या गोदामात एसी असतो. बिघडतं ते पुढे. समृद्धीने माल एका रात्रीत पोचतो हे खरं, पण साध्या बंद ट्रकमध्ये. ट्रक सकाळी पोचला आणि माल दुपारी उतरला, तर मे महिन्यात पत्र्याच्या आतलं तापमान बाहेरच्या ४५ च्याही वर जातं. मग दुकानाचा माळा. एसी असला तरी रात्री शटरबरोबर तोही बंद, सकाळपर्यंत भिंती तापलेल्याच. रोजचा हा चढउतार एकदाच्या उन्हापेक्षा वाईट, कारण बाटली श्वास घेऊ लागते. ७५० मिलि वाईन २० अंशांवरून ४० वर गेली की साधारण ५ मिलि फुगते, आणि बुचाखाली मोकळी जागा जेमतेम तेवढीच असते. बूच वर सरकतं, थेंबभर वाईन बाहेर येते. रात्री थंड झालं की तेवढीच हवा आत ओढली जाते. दोन महिने हे चाललं की आत शिळ्या मनुक्याचं पाणी उरतं.

बाटली हातात घेतली की आधी वरची टोपी, म्हणजे बुचावरचं पातळ आवरण, बोटाने फिरवून बघा. बुचाच्या बाटलीची टोपी सहज फिरली तर ठीक, चिकटून बसली असेल तर आत वाईन झिरपून वाळलेली असू शकते. बूच काठाच्या वर आलं असेल तर परत ठेवा. उभ्या बाटलीत वाईनची पातळी बाजूच्या बाटल्यांपेक्षा खाली असेल तरीही. फिरकीचं झाकण असेल तर गळती होत नाही, पण शिजणं थांबत नाही, आणि बाहेरून काही कळतही नाही. पांढरी वाईन उजेडाकडे धरा: फिकट सोनेरी हवी, मधासारखी पिवळी-तपकिरी दिसली तर संपली. पारदर्शक काचेतली गुलाबी वाईन ट्यूबलाइटखाली महिने काढून उकडलेल्या कोबीसारखा वास मारते, ती फळीवरून कधीच घेऊ नका. आयातदाराच्या स्टिकरवर आयातीचा महिना-वर्ष बघा. मार्च ते मे मधली आयात असेल आणि आता दिवाळी असेल, तर त्या बाटलीने नागपूरचा उन्हाळा पाहिलेला असण्याची शक्यता दाट. पांढरी तीन वर्षांपेक्षा जुन्या सालाची नको, साधी लाल पाचपेक्षा.

खरेदीचा हंगाम म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी. फळीवरची बाटली न घेता 'पेटीतली काढा' म्हणा. पेटीत निदान उजेड तरी लागत नाही. मागवून घ्यायची असेल तर माल थंडीत, रात्रीच्या गाडीने मागवायला सांगा आणि आल्याच्या दिवशी उचला. घरी वाईन फ्रीज नसेल तर साध्या फ्रीजच्या भाजीच्या कप्प्यात आडवी ठेवा. काही महिने तिथे ती माळ्यापेक्षा कितीतरी सुखात राहते. उघडल्यावर बूच बाजूने वाईनच्या रंगात भिजलेलं निघालं, किंवा मुरंबा जळल्यासारखा वास आला, तर बूच, बाटली आणि स्टिकर यांचा फोटो काढून आयातदाराला पाठवा. स्टिकरवर त्याचा पत्ता असतोच. दुकानदाराशी भांडून सहसा काही मिळत नाही; त्याच्याकडे परतीचा रस्ताच नसतो.

'लाल वाईन रूम टेम्परेचरला' हे वाक्य नागपुरात विसरा. त्या वाक्यातली खोली १६-१८ अंशांची आहे. ३२ अंशांच्या खोलीतली बाटली फ्रीजमध्ये दीड तास, किंवा बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ घातलेल्या बादलीत पंधरा-वीस मिनिटं. १५ टक्क्यांचं झिनफँडेल गरम प्यायलं की नाकात नुसतं स्पिरिट जातं, आणि मग दोष कॅलिफोर्नियाला मिळतो.

सावजीबरोबर यातली एकही लाल बाटली उघडू नका. तिखटाची आग अल्कोहोलने वाढते, तुरटपणाने आणखी बोचते, आणि सावजीच्या मसाल्यापुढे ओक कडू लागतो. सावजीला हवी कमी अल्कोहोलची, गोडसर, गार वाईन. अमेरिकी मालात ती म्हणजे व्हाइट झिनफँडेल: गुलाबी, ९-१० टक्क्यांची, जाणकार नाक मुरडतात ती. १९७५ मध्ये सटर होम वाईनरीत एका टाकीचं आंबणं मध्येच थांबलं, साखर शिल्लक राहिली, आणि हा प्रकार जन्मला. पुढे तो इतका खपला की झिनफँडेलच्या कित्येक जुन्या बागा उपटण्यापासून वाचल्या. ८ अंशांवर गार केली तर मटण रश्श्यासमोर ती शंभर डॉलरच्या कॅबर्नेपेक्षा चांगली टिकते. लाल झिनफँडेल हिवाळ्यातल्या वांग्याच्या भरिताबरोबर घ्या, भाजल्याचा धूर दोन्हींकडे आहे. मिरची मात्र बेताने.

परमिट रूममध्ये ग्लासवर घेत असाल तर बाटली कधी उघडली ते विचारा. बाटलीत १५० मिलिचे पाच ग्लास, आणि पहिल्या एक-दोन ग्लासांतच बाटलीची खरेदी वसूल करायची हा धंद्याचा रिवाज. त्यामुळे उरलेले ग्लास चार दिवस पडून राहिले तरी घोर कोणालाच नसतो. चौघं असाल तर बाटलीच घ्या, आणि ती टेबलावरच उघडायला लावा.

ही बाटली डिकीत ठेवून वर्ध्याकडे जाऊ नका. ७५ किलोमीटरवरचा तो जिल्हा दारूबंदीचा आहे, गडचिरोलीही. वाईन असो की देशी, कायदा तिथे फरक करत नाही. सिवनी-पांढुर्ण्याच्या बाजूने स्वस्त पडते म्हणून परवान्याशिवाय मध्य प्रदेशातून आणणं हाही गुन्हाच.

अर्धी उरलेली बाटली बूच लावून फ्रीजमध्ये उभी ठेवा. आडवी ठेवली तर हवेला लागणारा पृष्ठभाग वाढतो. त्याहून बरं म्हणजे छोट्या बाटलीत काठोकाठ ओतून झाकण घट्ट लावा. झिनफँडेल तीन दिवस निघतं, शार्डने दोन. चौथ्या दिवशी ती मटण मुरवायला वापरा.